गिअर नॉब बदलायचा तर आधी बूटकडे बघा

बाहेरून घेतलेला गिअर नॉब दांड्यावर फिरवायला पाच मिनिटं पुरतात. वेळ खातो तो त्याखालचा बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं लेदरचं किंवा कापडी आवरण. बऱ्याच गाड्यांत बूटचं वरचं तोंड दांड्याला कुठेच बांधलेलं नसतं. ते कंपनीच्या नॉबच्या बुडाशी असलेल्या खाचेत किंवा कड्यात अडकवलेलं असतं. जुना नॉब निघाला की तो आधारच जातो, बूट घसरून कन्सोलवर (दोन सीटमधल्या पॅनेलवर) लोळण घेतो आणि चकचकीत नव्या नॉबखाली दोन-तीन इंच लोखंडी दांडा उघडा पडतो. म्हणून दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्या: नॉब दांड्याला कशाने धरलाय, आणि बूट नॉबला कशाने धरलाय.

हे सगळं मॅन्युअल गिअरच्या गाड्यांसाठी आहे. ऑटोमॅटिकच्या मुठीत बटण आणि आतून जाणारा रॉड किंवा वायर असू शकते, तिथे यातलं फारसं काही लागू पडत नाही.

नॉब कशावर बसलाय?

सर्वात सोपा प्रकार आट्यांचा. दांड्याच्या टोकाला आटे असतात आणि नॉब घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की निघून येतो. होंडाच्या गाड्यांत हे आटे साधारणपणे एम १० × १.५ (१० मिलिमीटर व्यास, आणि १.५ मिलिमीटर पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) असतात, टोयोटात एम १२ × १.२५, तर मझदा, निसान आणि मित्सुबिशीत एम १० × १.२५. इतर कुठल्याही गाडीचं माप ऐकीव माहितीवर घेऊ नका, मोजून घ्या. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर “सगळ्या गाड्यांना बसतो” म्हणून विकला जाणारा नॉब बसतो खरा, पण कसा बसतो ते पुढे येईलच.

दुसरा प्रकार दाबून किंवा चिकटवून बसवलेल्या नॉबचा. दांड्याच्या टोकाला आटे नसतात, उभ्या रेघा किंवा चपटा भाग असतो. हा नॉब फिरत नाही, सरळ वर ओढावा लागतो.

तिसरा प्रकार क्लॅम्पचा. फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो, स्कोडा रॅपिड या गाड्यांत नॉब आणि बूट ही एकच जोडी असते. बूट उलटा केला की नॉबच्या मानेवर एका कानाची पत्र्याची क्लॅम्प दिसते. ती कापली की नॉब आणि बूट एकत्रच वर येतात. इथे नुसता नॉब घेण्यापेक्षा त्याच गाडीसाठी बनवलेली नॉब-बूटची जोडी घेणं शहाणपणाचं. दोन्ही वेगळे करून पुन्हा जुळवण्यात लेदर फाटण्याचीच शक्यता जास्त. नवी बसवताना क्लॅम्पही नवीच लागते. जुनी पुन्हा दाबून बसवली तर महिनाभरात सैल होते.

रिव्हर्सचं कडं हा वेगळा मुद्दा आहे, आणि खरेदी फुकट जाते ती बहुतेक वेळा इथेच. ह्युंदाई क्रेटा, व्हर्ना, रेनॉ डस्टर अशा गाड्यांत रिव्हर्स टाकायला नॉबखालचं कडं बोटांनी वर उचलावं लागतं. तुमच्या गाडीत असं कडं असेल तर ते नॉबला जोडलेलं आहे की दांड्यावर स्वतंत्र सरकतं, हे आधी बघा. नॉबला जोडलेलं असेल तर साधा आट्यांचा नॉब आणूच नका. कडं गेलं की रिव्हर्स गेला. स्वतंत्र असेल तर ते किती वर सरकतं ते मोजा आणि नव्या नॉबच्या बुडाखाली तेवढी जागा, वर दोन-तीन मिलिमीटर जास्तीची, मोकळी राहील असा नॉब निवडा. पोलो, रॅपिडमध्ये कडं नाही, तिथे अख्खा दांडा खाली दाबून रिव्हर्स पडतो. अशा गाडीत नॉब वरून दाबला जातो, त्यामुळे ग्रब स्क्रूवर (बाजूने आवळायच्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूवर) टिकलेला नॉब तिथे हळूहळू खाली सरकतो.

आटे मोजायची सोपी रीत

व्हर्नियर (व्यास मोजायचं सरकतं माप) असेल तर दांड्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास घ्या. ९.८ ते १० मिलिमीटर आला तर एम १०, ११.८ ते १२ आला तर एम १२. पिच मोजायला दहा आट्यांची लांबी घ्या: १५ मिलिमीटर भरली तर पिच १.५, साडेबारा भरली तर १.२५. दांड्यावर दहा आटे मोकळे दिसत नसतील तर पाच मोजून दुप्पट करा.

व्हर्नियर नसेल तर नट वापरा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा एम १० नट १.५ पिचचाच असतो. तो दांड्यावर बोटांनी शेवटपर्यंत गेला तर प्रश्न मिटला. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर पिच १.२५ आहे; पाना लावून पुढे ढकलू नका. एम १२ च्या बाबतीत दुकानातला साधा नट चालत नाही, कारण त्याची पिच १.७५ असते. पण मारुतीच्या चाकाचा नट एम १२ × १.२५ असतो. शेजारच्या स्विफ्टचा एक नट पाच मिनिटं उसना घेतला तरी टोयोटाचा दांडा तपासून होतो. टोयोटाच्या स्वतःच्या चाकाचा नट मात्र १.५ पिचचा, तो इथे अडकणार.

काय काय लागेल

प्लास्टिकचा ट्रिम टूल किंवा कापड गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर. दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरच्या ॲलन की. अडीच मिलिमीटर रुंद, दीडशे मिलिमीटर लांब केबल टाय, पाच-सहा तरी, कारण पहिला बहुतेक वाकडा बसतो. छोटी कटर पकड. दांड्याच्याच आट्यांचा चेकनट (नॉबला खालून भिडवून तो फिरू न देणारा नट), शक्यतो पातळ. एम १० ला बहुधा १७ चा पाना लागतो, एम १२ ला १९ चा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चिंधी. निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव), म्हणजे लॉकटाइट २४२ किंवा २४३. लाल अजिबात नको. ते सोडवायला २५० अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि तोवर नॉबचं लेदर आणि आतलं प्लास्टिक कामातून गेलेलं असतं.

शिवाय एक वस्तू जी बहुतेक जण विसरतात: बूट रिटेनर. ॲल्युमिनियमचं छोटं कडं, आतून आटे आणि बाहेरून खाच असलेलं. बूटचं तोंड या खाचेत बांधायचं. आटे दांड्याशी जुळणारेच हवेत, आणि खाचेचा व्यास बूटच्या तोंडापेक्षा जरा कमी. बूटचं तोंड सैल सोडून मोजा. साधारण २५ ते ३५ मिलिमीटर भरतं.

जुना नॉब काढताना

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, किल्ली काढलेली, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड, आणि गिअर न्यूट्रलमध्ये. एअरबॅगचं नियंत्रण युनिट बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलच्या खालीच असतं, म्हणून या भागात हातोडी किंवा ठोकाठोक नको.

सुरुवात बूटच्या फ्रेमपासून, म्हणजे त्याच्या बुडाशी असलेल्या प्लास्टिकच्या चौकटीपासून करा, नॉबपासून नाही. फ्रेम क्लिपांवर बसलेली असते. हँडब्रेकच्या बाजूची कड आधी उचला, मग बूटच्या दोन्ही बाजू आत दाबत पुढची कड सोडवा. थंडीच्या सकाळी हे प्लास्टिक ठिसूळ असतं. आधी दहा मिनिटं गाडी चालू करून हीटर लावा, मग गाडी बंद करून कामाला लागा. फ्रेम सुटली की बूट उलटा करून नॉबवर चढवा. आता मान दिसेल. तिथे केबल टाय असेल, तारेची स्प्रिंग रिंग असेल, लॅस्टिक असेल किंवा खाचेत बसणारी प्लास्टिकची कॉलर असेल. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, परत जुना नॉब बसवायची वेळ आली तर तोच कामाला येईल. टाय असेल तर कापा, स्प्रिंग असेल तर जपून काढा, कॉलर असेल तर तिचे कान कुठे दाबले जातात ते शोधून मगच ओढा.

त्याच्याही खाली काळा रबरी बूट असतो. तो गाडीखालचा आवाज, उष्णता आणि धूळ अडवतो. नव्या नॉबला जागा व्हावी म्हणून त्याला कात्री लावणारे फिटर आहेत, त्यांना तसं करू देऊ नका.

आट्यांचा नॉब हातात रबरी मोजा घालून फिरवा. हलला नाही तर बहुतेक कारखान्यात आट्यांना लॉकर लावलेला असतो. हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं बुडाकडचा भाग गरम करा आणि पुन्हा प्रयत्न करा. जोर लावताना दुसऱ्या हाताने दांडा खालून पकडीने धरा, मध्ये जाड कापड ठेवून. सगळा पीळ खालच्या केबल किंवा रॉडवर जाऊ द्यायचा नाही. दाबून बसवलेला नॉब ओढताना गिअर दुसऱ्यात किंवा चौथ्यात टाका म्हणजे हात सरळ वर जायला जागा मिळते, आणि तोंड बाजूला ठेवा. तो अडून अडून अचानक सुटतो, आणि ओठ फुटण्याचा हा प्रकार गॅरेजवाल्यांच्या चांगला परिचयाचा आहे.

कोरडी जुळणी

दांड्याचे आटे अल्कोहोलने पुसून घ्या. लॉकरचा जुना थर तारेच्या ब्रशने निघतो. मग काहीही न लावता नवा नॉब हाताने फिरवून बघा आणि फेऱ्या मोजा. आट्यांच्या व्यासाइतकी तरी लांबी आत जायला हवी: एम १० × १.५ ला सात फेऱ्या, एम १० × १.२५ ला आठ, एम १२ × १.२५ ला दहा. चार फेऱ्यांवर बसलेला नॉबही घट्ट वाटतो, पण रोजच्या ओढाताणीत त्याचे मऊ ॲल्युमिनियमचे आटे मरतात, आणि दांड्याचे नाही तर नॉबचेच मरतात एवढंच त्यातलं समाधान.

उंचीही याच वेळी बघा. गिअर टाकताना हात किती अंतर जातो ते दांड्याच्या लांबीवर अवलंबून असतं. खालच्या सांध्यापासून नॉबपर्यंत २०० मिलिमीटर असेल आणि नवा नॉब २० मिलिमीटर उंच बसला तर हाताचा प्रवास दहा टक्क्यांनी वाढतो, जोर त्या प्रमाणात कमी लागतो. खाली बसला तर उलट. नॉब बसवून सगळे गिअर टाकून पाहा. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्यात मूठ एसीच्या बटणांना लागते का, दुसऱ्या-चौथ्यात कपहोल्डरला अडते का.

वजनाबद्दल लोक बरंच बोलतात. जड स्टीलचा नॉब गिअरची खडखड थोडी गिळतो हे खरं, पण तीन-चारशे ग्रॅमच्या पुढे गेलात तर झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये दांडा खड्ड्यांवर जास्त हलताना जाणवतो. आणि उघड्या धातूचा नॉब नागपूरच्या मे महिन्यात, उन्हात उभ्या गाडीत, हात लावण्यासारखा राहत नाही. विदर्भ-मराठवाड्यात गाडी असेल तर लेदर, लाकूड किंवा डेलरिनचा (कडक प्लास्टिकचा) घ्या.

बूट बांधणं

हाच खरा भाग. बूटची फ्रेम सुटी असताना पायमोजा उलटा करतो तसा अख्खा बूट उलटा करा आणि अरुंद तोंड खाली, फ्रेम वर अशा स्थितीत दांड्यावर घाला. म्हणजे दांड्याभोवती उलटी पिशवी उघडलेली दिसेल. आतली, कच्ची बाजू आता बाहेर आहे. नॉब आणि रिटेनर या पिशवीच्या आत बसवायचे आहेत. हा क्रम चुकला, म्हणजे नॉब आधी घट्ट केला, तर बूटचं ३० मिलिमीटरचं तोंड पन्नास मिलिमीटरच्या नॉबवरून जात नाही आणि सगळं परत खोलावं लागतं.

आधी चेकनट दांड्यावर पुरेसा खाली फिरवून घ्या, मग रिटेनर, मग नॉब. रिटेनर आतून आट्यांचा असेल तर तोच चेकनटचं काम करतो, वेगळा नट लागत नाही. नॉबवरचं गिअरचं चित्र सरळ दिसेल तिथे नॉब थांबवा, आणि खालून रिटेनर वर फिरवत नॉबच्या बुडाला घट्ट भिडवा. एका हाताने नॉब धरा, दुसऱ्याने पाना. नॉब आतून बुडापर्यंत टेकवून घट्ट करण्याच्या फंदात पडू नका. दांड्याचं टोक आत घुसतं आणि चित्र नेमकं तिरकं थांबतं. चेकनट वापरताच येत नसेल तर नॉबच्या भोकात पातळ वॉशर टाका. १.२५ पिचला एक फेरी म्हणजे १.२५ मिलिमीटर, तेव्हा ०.३ मिलिमीटरचा वॉशर चित्र जवळजवळ पाव फेरीने फिरवतो.

नॉबच्या आत धातूचे आटे असतील तर लॉकरचा एक थेंब पुरे, तोही दांड्याच्या आट्यांच्या मधल्या भागावर. पूर्ण पकड यायला २४ तास द्या. आत प्लास्टिकचा बुश (दांड्यावर बसणारी नळी) असेल तर लॉकर लावू नका, त्याने काही प्लास्टिक तडकतात. तिथे टेफ्लॉन टेपचे दोन वेढे, नॉब फिरण्याच्याच दिशेने.

आता बूटचं तोंड वर सरकवून रिटेनरच्या खाचेवर आणा, कडेचा सेंटिमीटरभर भाग खाली राहू द्या. बांधण्याआधी शिलाई जुळवा. बूटच्या कोपऱ्यातल्या शिवणी फ्रेमच्या कोपऱ्यांच्या रेषेत हव्यात. इथे दहा अंशांचा पीळ राहिला तर बूट कायमचा मुरगळल्यासारखा दिसतो. टायचं डोकं डॅशबोर्डच्या बाजूला घ्या, म्हणजे चालकाला उंचवटा दिसत नाही. टाय ओढून घट्ट करा आणि शेपूट अगदी चपखल कापा. तिरकी कापलेली टोकं ब्लेडसारखी असतात आणि महिन्याभरात लेदरला आतून भोक पाडतात. मग फ्रेम खाली ओढा. बूट सुलटा होतो, टाय आत झाकला जातो.

फ्रेमच्या क्लिपा लगेच दाबू नका. आधी पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर टाका आणि बूट कुठे ताणला जातो ते बघा. टोकाच्या गिअरमध्येसुद्धा त्यात दहा-पंधरा मिलिमीटरचं ढिलेपण हवं. ताणलेला बूट दांड्याला न्यूट्रलकडे खेचत राहतो, गिअर अर्धवट बसतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच निसटतो. लोक मग क्लचला दोष देतात. असं झालं तर रिटेनर शक्य तितका खाली घ्या किंवा तोंडाजवळ कमी कापड आत राहील असं पुन्हा बांधा.

रिटेनर मिळाला नाही तर दांड्यावर, नॉबच्या लगेच खाली, स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपचा वीसेक मिलिमीटर जाडीचा उंचवटा करा आणि तोंड त्याच्यावर बांधा. दिसायला काही फरक नाही, फक्त उन्हाळ्यात टेप मऊ होऊन बूट थोडा खाली येऊ शकतो. आणि तोंड भलतंच मोठं असेल तर टायने चुण्या पाडत बसण्यापेक्षा सीट कव्हर शिवणाऱ्याकडून तोंडाला सेंटिमीटरभराचा नेफा शिवून घ्या आणि त्यात नायलॉनची दोरी ओवा. चुण्या सारख्या पडतात आणि दोरी हवी तेव्हा सोडता येते.

ग्रब स्क्रूवाले नॉब

सगळ्या गाड्यांना बसणारा म्हणून मिळणारा नॉब आत मोठ्या भोकाचा असतो. सोबत दोन-तीन मापांचे बुश आणि तीन ग्रब स्क्रू येतात. स्क्रू एम ४ चा असेल तर दोन मिलिमीटरची ॲलन की, एम ५ ला अडीचची. दांड्यावर घट्ट बसणारा बुश निवडा. किंचित हलणारा चालणार नाही, स्क्रूने ते हलणं थांबत नाही. तिन्ही स्क्रू आळीपाळीने, प्रत्येकी अर्धी फेरी, असे आवळा. एकच आधी पूर्ण आवळला तर नॉब एका बाजूला झुकतो. बुश न लावता स्क्रू थेट आट्यांवर टेकवलेत तर आटे चेपतात आणि कंपनीचा नॉब परत बसत नाही.

हे नॉब सैल होतातच. आठवड्याने पुन्हा आवळा, नंतर दर सर्व्हिसिंगला. ओव्हरटेक करताना तिसऱ्यातून चौथ्यात जाताना नॉब हातात आला तर दांडा तिथेच राहतो आणि तुमच्या मुठीत नुसता गोळा, म्हणून हा कंटाळा करू नका. दांड्याला आटे असताना निव्वळ स्वस्त म्हणून असला नॉब घेण्यात काही अर्थ नाही.

नंतर आवाज आला तर

ठरावीक वेगात झिणझिण येत असेल तर नॉब हाताने घट्ट धरून बघा. थांबली तर चेकनट किंवा रिटेनर सैल आहे. थांबली नाही तर फ्रेमची एखादी क्लिप तुटलेली किंवा अर्धी बसलेली असते. तिच्याखाली फेल्टची पातळ पट्टी लावा. रिव्हर्सचं कडं वाजत असेल तर ते दांड्यावर सैल आहे, आत टेपचा एकच वेढा पुरतो, पण त्यानंतर कडं अडखळत तर नाही ना हे दहा वेळा रिव्हर्स टाकून तपासा, चढावर उभी असताना नव्हे, सपाट मैदानात.

जुना नॉब, त्याची स्प्रिंग किंवा कॉलर आणि काढलेले फोटो एकाच पिशवीत ठेवा. गाडी विकताना खरेदीदार कंपनीचाच नॉब मागतो, आणि गिअरबॉक्सची तक्रार घेऊन वॉरंटीत गेलात तर आधी तोच बसवून न्या.